पान चारशे सोळाचा खुलासा

“बावीस पानं झाली, बाय. चल, बंद करू.”

जयदेवकाकांनी पुस्तक मिटलं, पाण्याच्या जुन्या बिलाची घडी खुणेसाठी आत सारली आणि कठड्यावरून उठले. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडंच होतं. त्यांनी लांब लोखंडी चावी आत सोडली, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि वरच्या आडव्या दांड्याला धरून गोल फिरू लागले. ओठ हलत होते, फेरे मोजत होते. मी घड्याळ पाहिलं. बरोबर सात चाळीस.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या लाईनला सकाळी सातला पाणी सोडायचं, सात चाळीसला बंद करायचं, मग तेच पाणी पुढच्या चाळींकडे वळवायचं, असा क्रम. काका त्या भागाचे चावीवाले. एकतीस वर्षं. मी पाणी तपासणारी, बी.एस्सी. केमिस्ट्री, नोकरी कंत्राटी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून रोज येते, नळाखाली काचेची नळी धरते, औषधाचे थेंब टाकते आणि पिवळा रंग किती चढला ते पाहून क्लोरीनचा आकडा लिहिते. सुरुवातीला मला वाटायचं, काका पुस्तक वाचून वेळ काढतात. नंतर लक्षात आलं, ते पुस्तकानं वेळ मोजतात. शिवमंदिराची लाईन म्हणजे बावीस पानं. वरची चाळ चौदा. मोठं नगर एकतीस.

“मोबाईलला अलार्म लावा की,” मी एकदा म्हटलं.

“अलार्म वाजला का मानूस तो बंद करते आनि परत बसते. पान तसा नाय. पान पलटायला हात लागते.”

माझा विश्वास बसला नाही. आठ दिवस मी गुपचूप वेळ टिपला. एका पानाला सरासरी एक मिनिट एकोणपन्नास सेकंद. सगळ्यात मोठी चूक तीन मिनिटांची, आणि त्या दिवशी मध्येच कुणीतरी बाई पाण्यावरून भांडायला आली होती. प्रयोगशाळेतली काही उपकरणं यापेक्षा जास्त चुकतात.

तेव्हा हातात असलेलं पुस्तक आठशे चौसष्ट पानांचं होतं. बदलापूरच्या एका वाचनालयातलं. मूळ वेष्टन फाटून गेलेलं, वाचनालयानं तपकिरी पुठ्ठा लावून शिवलेलं, पहिली दोन पानं गायब. त्यामुळे पुस्तकाला नाव नाही, लेखक नाही. कण्यावर फक्त २३१७ हा आकडा. भयकादंबरी आहे एवढं कळत होतं. कार्यालयात तिला सगळे ‘वीट’ म्हणत.

“काका, भूत निघाला का नाय अजून?” भूपेश विचारायचा. हा काकांचा पुतण्या, आवक-जावक सांभाळायचा. “चारशे पानं झाली. एवढ्यात तं आपल्या इथं फाईल पन मंजूर होते.”

“भूत निघाला, पन बोलाय लागला,” काका म्हणाले. “भूत बोलला का भीती गेली. गप रायला पायजे. या लेखकाला भूत म्हायत नाय. पानी म्हायत हाय. विहिरीचा लिवलाय ना, तो बरोबर हाय. बादली आपटते तो आवाज पन बरोबर.”

काकांचं पुस्तकाबद्दलचं मत असं असायचं: कुठला भाग मजबूत, कुठे गळती.

तो मंगळवार होता, फेब्रुवारीतला. सात वाजता मी काकांसोबतच होते. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, कठड्यावर बसले, वीट उघडली. खूण होती पान ४१० वर. मला आकडे पाहायची सवय आहे, म्हणून लक्षात राहिलं. मी माझे नमुने घ्यायला मंदिराच्या पलीकडे गेले.

परत आले तेव्हा पावणेनऊ झाले होते. चेंबर उघडं होतं. चावी व्हॉल्व्हवर तशीच उभी, दांड्याला कुणाचा हात नाही. काका ती चावी चहा प्यायला जातानाही खांद्यावर घेऊन जातात. त्यांची स्कूटर नव्हती. पुस्तक कठड्यावर होतं. खाली पाइपातून पाणी अजून धावत होतं. कान न लावताही ऐकू येत होतं. मी चावी धरून पाहिली. मला अर्धा फेराही जमेना.

आठ पन्नासला काका आले. स्कूटर तशीच टाकली, फेरे मारले. शर्ट घामानं चिकटला होता. सत्तर मिनिटं उशीर. तोवर टाकीतलं पाणी उतरलं होतं. पुढच्या दोन चाळींना त्या दिवशी थेंब मिळाला नाही. दुपारी बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयात आल्या.

संध्याकाळी नोटीस टाईप झाली. टाईप भूपेशनंच केली. तीन दिवसांच्या आत लेखी खुलासा द्यावा. समाधानकारक नसल्यास व्हॉल्व्हच्या कामावरून दूर करण्यात येईल. आमचे साहेब हिंदुराव, कोल्हापूरकडचे, तोंडी म्हणाले, “जयदेव, तुमची निवृत्ती सात महिन्यांवर. मला तुम्हाला स्टोअरला बसवायची हौस न्हाई. पण कारण तरी द्या कायतरी.”

काका नोटिसेकडे बघत म्हणाले, “स्टोअरला नको साहेब. चावीवरूनच जाऊ द्या मना.”

एवढंच त्यांना हवं होतं. शेवटच्या दिवशी शेवटचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद करायचा आणि चावी ठेवायची.

कार्यालयानं निष्कर्ष आधीच काढला होता: म्हातारा पुस्तकात गुंगला. माझ्या डोक्यात मात्र गणित बसत नव्हतं. मी कठड्यावरून पुस्तक उचललं तेव्हा खूण ४१६ वर होती. सहा पानं. एक मिनिट एकोणपन्नास गुणिले सहा, म्हणजे अकरा मिनिटांच्या आत. सात अकराला त्यांचं वाचन थांबलं होतं. तिथून आठ पन्नासपर्यंत नव्व्याण्णव मिनिटं. त्या वेळात ते वाचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. “काका, तुम्ही वाचत नव्हतात. कुठे गेला होतात?”

“कोन बोलला वाचत नव्हतो?”

मी गणित सांगितलं. त्यांनी बोटांवर सहा पानं मोजून पाहिली. मग हसले, पण फार नाही.

“तू पोलिसात जा, बाय. पान्यात काय ठेवलाय.” थोड्या वेळानं म्हणाले, “तो खुलासा तू लिवशील? माजा अक्षर बरा नाय. उद्या सांजच्याला घरी ये. पालेगावला.”

“इथंच लिहू की. दहा मिनिटांचं काम आहे.”

“नाय. घरी.”

पालेगावात काकांचं घर शोधायला त्रास होत नाही. टॉवरांच्या मधे उरलेल्या सहा-सात बैठ्या घरांपैकी एक. ओट्यावर त्यांची आई बसली होती, गोदूबाई. वय चौऱ्याऐंशी. समोर परातीत सुके बोंबील, हातात कात्री. डोकं, शेपटी, डोकं, शेपटी. मला बघून म्हणाली, “तूच ती पानीवाली? एवढीशी हायस. बस. वास येते क?”

“नाही आजी. आमच्याकडेही करतात.”

“मंग बरा.”

काका समोर खुर्ची टाकून बसले. मी मांडीवर पॅड घेतलं. दिनांक, विषय, संदर्भ लिहिला. “सांगा,” म्हटलं.

काका सांगू लागले आणि मी त्यांच्या बोलण्याचं कार्यालयीन मराठी करत गेले. तो कागद माझ्याकडे अजून आहे, म्हणजे त्याची झेरॉक्स. त्यातला मजकूर असा:

“महोदय, दि. ११ रोजी शिवमंदिर लाईनचा व्हॉल्व्ह ७.४० ऐवजी ८.५० ला बंद झाला हे खरे आहे. व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता. दोष माझा आहे. त्याचे कारण एक पुस्तक आहे. सदर पुस्तक ८६४ पानांचे असून माझ्या मते ते पाचशे पानांत झाले असते. पहिल्या शंभर पानांत वटवाघुळे व धुके आहे. आमच्याकडे वटवाघुळांना कोणी भीत नाही. भुते फार बोलतात.”

मी पेन थांबवलं. “काका, हे साहेबांना कशाला?”

“लिव. पुस्तक भंगार असता तं मी उठलोच नसतो. कुठला भाग भंगार नि कुठला चांगला, ते सायबाला कलला पायजे. त्याबिगर कारन कसा कलल?”

तर्क बरोबर होता. मी लिहीत गेले.

“पुस्तकात एक विहीर आहे. पान ४१० पासून ती बुजवण्याची गोष्ट येते. घरची विहीर बिल्डरला जागा दिल्यावर बुजवतात. लेखक लिहितो की विहीर एका रात्रीत बुजली. हे चुकीचे आहे. विहीर बुजवायला आमच्या इथे अकरा दिवस लागले. डेब्रिज टाकले की ते बसते, मग पुन्हा टाकावे लागते. लेखकाने हे पाहिलेले नाही. परंतु विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले, असे तो लिहितो. ते बरोबर आहे.”

कात्रीचा आवाज चालू होता. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आसरा नाहीत. पण विहिरीपाशी मांडलेले ते दगड मी लहानपणी पाहिले आहेत. पाण्यातल्या सात बाया. त्यांना हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात. विहीर बुजवायची तर आधी त्यांना उचलून दुसऱ्या पाण्याकाठी नेऊन ठेवायचं, एवढंही मला ऐकून माहीत होतं.

काका आता माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा आवाज थोडा वाढला होता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसा.

“लिव. पुस्तकातला मुलगा दगड हलवत नाय. ते विहिरीतच जातात. मंग आय विचारते, बायांना कुठं ठेवलास? तो बोलतो, नदीकाठी ठेवल्या. हे पान चारशे सोला.”

मी लिहिलं.

“आता पुढं. सन दोन हजार नऊमदी आमची विहीर बुजवली. डंपर सांजच्याला यायचा व्हता. मी बोललो, कामावरून येतो नि दगडं उचलतो. डंपर सकालीच आला. मना फोन आला तवा माजा वॉल चालू व्हता. मी वॉल सोडला नाय. बंद केला, मंग गेलो. तवर दोन गाड्या रिकाम्या झालेल्या. दगडं खाली. डायवर बोलला, मागं सहा गाड्या उभ्या हायेत, शेठ.”

कात्री थांबली होती. कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. मी लिहीत होते.

“मी आयला सांगतला, वालधुनी नदीच्या काठी ठेवल्या. झाडाखाली. सोला वर्सा आय दर वर्साला डबा देते, दहीभात, बांगड्या. मी नेतो. पयल्या वर्सी मी सात गोटे निवडून ठेवले व्हते. ते पावसात गेले. मंग नुसता झाडाखाली ठेवत गेलो.”

मी हे कार्यालयीन मराठीत करायला घेतलं आणि जमेना. जसं बोलले तसंच लिहिलं.

“त्या दिवशी चारशे सोला वाचला नि मी उठलो. पालेगावला गेलो, विहिरीवर जी सोसायटी झाली तिथं. वाचमन बोलला, किससे मिलना है? मना सांगता येईना. उभा रायलो. मना वाटला पाच-दहा मिन्टा झाली असतील. वॉल चालू हाय ते ध्यानात नव्हता. एकतीस वर्सात पयल्यांदा. एवढाच कारन हाय. आपला विश्वासू. दे, सही करतो.”

सही करताना त्यांनी मान वर केली नाही. आता मला कळलं, दहा मिनिटांचं काम कार्यालयात का करायचं नव्हतं. भूपेशच्या हातून हा कागद जाणार होता आणि रात्रीपर्यंत घरी पोचणार होता. त्याआधी त्यांना तो आईच्या कानावर घालायचा होता, आणि सरळ तिच्याकडे तोंड करून सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

गोदूबाईनं परातीतला एक बोंबील उचलला, पाहिला, परत ठेवला.

“साती पन?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“एक पन नाय निघाला?”

“नाय, आये.”

ती भिंतीला धरून उठली, परात तिथंच ठेवून आत गेली. काका उठले नाहीत. मांजर आलं तेव्हा मीच परात उचलून आत नेऊन ठेवली. ती चुलीपाशी बसली होती. माझ्याकडं पाहिलं नाही.

परत निघताना काका मला नाक्यापर्यंत सोडायला आले. तिथं थांबून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो बहुतेक त्यांना त्या मंगळवारपासून कुरतडत होता.

“बाय, तू शिकलेली हायस. मना सांग, या लेखकाला कसा कलला? मी कोनाला सांगतला नाय. तोच सवाल नि तोच जवाब. नदीकाठी.”

“त्याला तुमचं काही माहीत नाही, काका. पुस्तकाच्या मागे पहिल्या वाचकाचा शिक्का आहे, दोन हजार चारचा. तुमची विहीर बुजायच्या पाच वर्षं आधी.” मी रस्त्याकडे पाहिलं, रिक्षा दिसत नव्हती. “इथून बदलापूरपर्यंत किती विहिरी बुजल्या असतील? शंभर? दोनशे? जिथं विहीर तिथं दगड. सगळ्यांनीच नीट हलवले असतील असं नाही. त्यानं कुणातरी एकाचं ऐकलं असेल. तुम्ही एकटे नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

मला वाटलं होतं, यानं त्यांना बरं वाटेल.

“मंग त्या सगल्यांनी आपापल्या आयांना काय सांगतला?” ते म्हणाले. रिक्षा आली.

शुक्रवारी साहेबांनी खुलासा वाचला. पहिल्या परिच्छेदाला ते मोठ्यानं हसले. “आवो जयदेव, मी कारण मागितलं, तुम्ही परीक्षण लिवलं की!” मग हसणं थांबलं. दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मी वर पाठवू शकत न्हाई,” ते हळू म्हणाले. “वर कुणी वाचणार न्हाई, फक्त ‘कामाची जागा सोडली’ एवढं वाचतील. असं करा. एक ओळ लिवा. व्हॉल्व्हचा स्पिंडल जाम झाल्यामुळं विलंब. मी सही ठोकतो, विषय संपला. सात महिने चावी तुमच्याकडं.”

भूपेशनं कोरा कागद पुढे केला. “काका, लिवा. मी कोनाला बोलनार नाय.”

मीही म्हटलं, “लिहा काका.” खोटे आकडे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्या क्षणी मला ती ओळ लिहिलेली हवी होती.

काकांनी कागद हातात घेतला. “सायब, त्या स्पिंडलला मी आठ दिवसांमागं ग्रीस मारलाय. वॉल चांगला हाय.”

“आवो, व्हॉल्व्ह काय कोर्टात उभा ऱ्हाणार हाय का?”

“नाय. पन माज्यामागं अल्पेश येल चावीवर. तो नवा हाय. रजिस्टर वाचल. त्याला वाटल, हा वॉल अडकते. मंग तो जोर लावल. जोर लावला का मान तुटते त्याची. मंग दोन चाली नाय, सगला अंबरनाथ सुका.” त्यांनी कागद टेबलावर परत ठेवला. “नदीकाठी ठेवल्या बोललो तवा पन मना वाटलेला, एकच ओल हाय.”

साहेबांनी चष्मा परत चढवला, बदलीचा कागद पुढे ओढला. मग नाइलाजानं सही केली. स्टोअर, सोमवारपासून.

सोमवारी सकाळी काकांनी अल्पेशला शिवमंदिराच्या लाईनवर नेलं. किती फेरे, कुठल्या फेऱ्याला हात जड लागतो, कुठं थांबून पाण्याचा आवाज ऐकायचा. अल्पेश मोबाईलमध्ये टिपत होता. “मोबाईल ठेव रे, हातात धर,” काका म्हणाले आणि त्याचे दोन्ही पंजे दांड्यावर ठेवून वर आपले ठेवले. दोघं मिळून गोल फिरले. शेवटचा फेरा झाल्यावर काकांनी आपले हात काढले आणि पँटला पुसले.

वीट ते पुढं वाचेनात. वाचनालयात परत देण्याआधी मी ती मागून घेतली. पान चारशे सतरापासून शेवटपर्यंत मी वाचली, नऊ दिवसांत. माझं मत काकांच्या मताच्या जवळ जातं. चारशे सोळापर्यंत लेखकाला काहीतरी ठाऊक आहे, त्यानंतर त्याला फक्त घाबरवायचं आहे. आईला खरं कळतं पान चारशे एकतीसवर. ती हसत सुटते, केस सोडते, जमिनीतून सात बाया वर येतात. उरलेल्या पानांत मी मोजलं, एकोणीस माणसं मरतात. मुलगा शेवटी. मला एकदाही दिवा लावून झोपावंसं वाटलं नाही.

दहाव्या दिवशी काकांचा फोन आला. “आय बारा दिवस माज्याशी बोलली नव्हती. आज बोलली. बोलली, मना तिथं ने. तो वाचमन मना आत सोडनार नाय. तुजी कोन मैत्रीण हाय ना तिथं?”

होती. माझी कॉलेजातली करिष्मा त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. रविवारी सकाळी तिनं मोबाईलवरून मंजुरी दिली आणि फाटक उघडलं. वॉचमननं वहीत लिहिलं, तीन जण, बी विंग. गोदूबाई नवं हिरवं लुगडं नेसून आली होती. हातात स्टीलचा डबा.

काकांनी कंपाउंडच्या कोपऱ्यातला नाल्याचा जुना दगडी मोरीपूल शोधला; तेवढंच जुन्यातलं उरलं होतं. तिथून पावलं मोजत निघाले. मी त्यांच्या मागे मोजत होते. बेचाळीस पूर्वेला, मग एकोणीस डावीकडं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी ते थांबले. खांबावर लिहिलं होतं, बी-२७.

“हितं?” गोदूबाईनं विचारलं.

“हितंच. एखाद हात इकडं तिकडं.”

ती खाली बसली. बसायला वेळ लागला. काँक्रीटवरची धूळ पदरानं पुसली. डबा उघडला, बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि चाकाच्या बाजूला टिळे लावत गेली, एकेक, मधे सारखं अंतर सोडून. सात. दहीभाताची मूठ एका पानावर ठेवली. हिरव्या बांगड्या काढल्या. जागा नव्हती, म्हणून त्या एकावर एक ठेवल्या.

वॉचमन पाठीमागून आला होता. “माताजी, ये मुझे धोना पड़ेगा क्या? सेक्रेटरी साब चिल्लाएँगे।”

गोदूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. “धू, बाबा. तुजा काम हाय तो. पन जरा सुकल्यावर.”

तो समजला असावा. दूर जाऊन उभा राहिला.

ती तशीच बसून होती. काका खांबाशी उभे, नजर चाकावर. मग तिनं मला जवळ बोलावलं.

“बाय, तू तो पुस्तक सगला वाचलास ना? त्या पोराची आय... तिला कलला तवा तिनं काय केला?”

काकांनी मान वर केली. त्यांनाही ते माहीत नव्हतं. चारशे सतरावं पान त्यांनी उघडलंच नव्हतं.

“तिथून पुढं ते पुस्तक चुकलंय, आजी,” मी म्हटलं. “तो भाग लेखकाला जमलेला नाही.”

तिनं डब्याचं झाकण लावलं.

“म्हंजे तेला पन म्हायत नाय,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, समाधानही नव्हतं. एक गोष्ट तपासून पाहिली आणि तशी निघाली, एवढंच.

लिफ्टचं दार उघडून एक माणूस गाडीची किल्ली हातात घेऊन आला. बी-२७ चा असावा. त्यानं टिळे पाहिले, पान पाहिलं, बांगड्या पाहिल्या. काहीतरी विचारायला तोंड उघडलं. गोदूबाईनं हात वर केला होता, त्याच्यासाठी नाही, काकांसाठी. काका वाकले, दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि तिला उचललं. गुडघे सरळ व्हायला वेळ लागतो तिला. ती एका हातानं गाडीच्या डिकीला आणि दुसऱ्या हातानं मुलाच्या मनगटाला धरून उभी राहिली. तो माणूस किल्ली खिशात ठेवून थांबला.